संध्याकाळी घरी परतणाऱ्या गाडीसाठी एक क्लास राखून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथीचे दिवस सरले की गोव्यातले मोटारस्पर्धांचे आयोजक येत्या मोसमाची नियमावली लिहायला घेतात. सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, पाणी आटले, माती बसली की ऑटोक्रॉस सुरू होतील. नियम एकदा छापून आले की पुढच्या पावसापर्यंत त्यातले अक्षर हलत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून वेळेआधीच लिहितो. पत्र छापावे ही विनंती.

फोंड्यात माझे गॅरेज आहे, 31 वर्षे झाली. मधली बरीच वर्षे खाणीच्या टिपरांचे काम केले. 2012 साली खाणी थांबल्या, टिपर जागच्या जागी उभे राहिले आणि मी परत लहान गाड्यांकडे आलो. ऑटोक्रॉसचा नाद मात्र त्याही आधीपासूनचा. तरुणपणी एक जुनी मारुती 800 घेऊन मी स्वतः धावलो आहे. आता दुसऱ्यांच्या गाड्या तयार करून देतो आणि रविवारी मैदानात पाना घेऊन उभा असतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोकळ्या जागेत रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे कोन मांडून, फिती बांधून वळणावळणाची वाट आखतात. एका वेळी एक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शेजारी दुसरी गाडी नसते, त्यामुळे ठोकाठोकी होत नाही. कोन पाडला तर वेळेत दंडाचे सेकंद चढतात. वाट नीट आखलेली असली तर गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गियरमध्येच असते, त्यामुळे इंजिनाच्या ताकदीपेक्षा चालवणाऱ्याचा हात आणि नजर जास्त कामाला येते. मोटारस्पर्धेत शिरायला याहून स्वस्त वाट नाही. ती वाट आमच्या डोळ्यांसमोर बंद होत चालली आहे, आणि तेच सांगायला हे पत्र आहे.

तीन मोसमांपूर्वी आमच्या भागातल्या एका स्पर्धेत 1100 सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी 'स्टँडर्ड' नावाचा क्लास, म्हणजे स्पर्धेतला गट, होता. पहिल्या वर्षी त्यात 17 गाड्या आल्या. आल्टो होत्या, वॅगनार होत्या, एक सावईवेरेची झेन, शिरोड्याच्या एका शिक्षकांची सँट्रो. सगळ्यांना नंबर प्लेट, सगळ्यांच्या मागच्या सीटवर काही ना काही सामान. पहिल्याची वेळ 1 मिनिट 14.8 सेकंद आणि दुसऱ्याची 15.1. पाचवा आला त्याच्यात आणि पहिल्यात पुरते दोन सेकंदही नव्हते. संध्याकाळी सतराच्या सतरा गाड्या स्वतःच्या चाकांवर घरी गेल्या.

त्या सतरांत माझ्या गॅरेजात काम करणारा एक मुलगा होता. वय 23. गाडी त्याच्या आईची, जुनी आल्टो, 1 लाख 10 हजारांना घेतलेली. ती बाई रोज पहाटे फुले भरून मंगेशीला जाते आणि देवळाच्या वाटेवर गजरे, हार विकते. सुरंगीच्या दिवसांत तर त्या गाडीचे दार उघडले की वास बाहेर येतो. मुलाने शनिवारी रात्री पाट्या आणि परड्या उतरवल्या, गाडी झाडून घेतली, ब्रेकचे पॅड बदलले, तेल बदलले. एवढीच त्याची तयारी. रविवारी तो सतरांत चौथा आला. सोमवारी पहाटे पाच वाजता गाडी फुले घेऊन मंगेशीच्या रस्त्याला लागली होती.

दुसऱ्या वर्षी नियमावलीत एक ओळ वाढली: सस्पेन्शन फ्री. सस्पेन्शन म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे स्प्रिंग आणि शॉकअप. आमच्या भाषेत फ्री म्हणजे मोकळे, हवे ते बसवा. कोणीतरी मागणी केली असेल, आयोजकांना ती साधी वाटली असेल, मी कोणावर दोष ठेवत नाही. पण त्या एका शब्दाची किंमत मी पैशांत सांगू शकतो, कारण ते सेट मीच बसवले. खालीवर करता येणारे स्प्रिंग आणि शॉकअप, चार चाकांचा सेट, सव्वा लाखाच्या खाली आला नाही. म्हणजे त्या आल्टोहून सेट महाग. दोघांनी बसवले. त्या वर्षी जिंकलेली वेळ 1 मिनिट 10 सेकंदांच्या आत गेली. हाच मुलगा आदल्या वर्षापेक्षा अर्धा सेकंद वेगाने धावला आणि नववा आला. मला म्हणाला, "मेस्त, माझं चुकलं कुठं?" त्याचे काहीच चुकले नव्हते.

त्या वर्षी 11 गाड्या होत्या. गेल्या मोसमात 4 राहिल्या. पाचापेक्षा कमी असल्या की क्लास रद्द होतो आणि गाड्या वरच्या, ओपन क्लासात घालतात, असा नियम आहे. म्हणजे फुलांची आल्टो आता आत लोखंडी नळ्यांचा सुरक्षा पिंजरा बसवलेल्या, सीटा काढलेल्या, खास गियर घातलेल्या गाड्यांशी धावणार. तो आला नाही. बाकीचे तिघेही आले नाहीत.

आता कोणी म्हणेल, तयार केलेली गाडी जास्त वेगाने जाणारच, त्यात गैर काय? गैर काहीच नाही. ओपन क्लास असावाच. त्या गाड्या मीही बांधतो आणि खरे सांगायचे तर वर्षातली माझी चांगली कमाई त्यांच्यावर होते. मी जे मागतो आहे त्याने माझे काम थोडे कमीच होईल. तरी मागतो, कारण ओपन क्लासात आज जे चार चांगले हात आहेत ते सगळे आधी घरच्या गाडीवर तयार झाले. खालची पायरी काढली तर पाच वर्षांनी वर कोण येणार?

दुसरी गोष्ट कायद्याची आहे आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ बनावटीत फरक करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. म्हणजे सस्पेन्शन खाली आणलेली, सायलेन्सर बदललेली गाडी मैदानात चालेल, पण मैदानापर्यंतच्या रस्त्यावर ती अडवली जाऊ शकते. मग ती ट्रकवर चढवून न्यावी लागते. फोंड्याहून जायचे-यायचे गेल्या वर्षी माझ्या एका गिऱ्हाइकाने 7 हजार मोजले. वरून ती गाडी एरवी घरी उभी, म्हणजे रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी. नियमावलीत एक शब्द मोकळा सोडला आणि एका गाडीच्या माणसाचा खेळ दोन गाड्या आणि एक ट्रक असलेल्याचा होऊन गेला.

माझा पुतण्या अमेरिकेत नोकरी करतो. तिथे हा खेळ मोठ्या पार्किंगच्या जागेत, डांबरावर किंवा काँक्रीटवर चालतो आणि तो त्यात आपली रोजची गाडी घेऊन जातो. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही तिथली जुनी संस्था, 1944 सालची. पुतण्याने त्यांची नियमावली पाठवली, ती मी दोन महिने रोज रात्री थोडी थोडी वाचली. ते लोक याच खड्ड्यात पडून बाहेर आलेले आहेत.

त्यांच्याकडे 'स्टॉक' क्लास होता. गाडी मूळची, पण टायर स्पर्धेचे चालत. ते टायर इतके मऊ की थोड्याच फेऱ्यांत त्यांची पकड जायची आणि नवे घ्यावे लागायचे. ज्याला परवडे तो पुढे. 2014 साली त्यांनी ते टायर बंद केले आणि क्लासचे नावच 'स्ट्रीट' ठेवले. तिथे टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर झिजायला किती वेळ घेतो त्याचा, आकडा छापावा लागतो. 100 हा मापाचा टायर, 200 म्हणजे चाचणीत त्याच्या दुप्पट टिकणारा. या क्लासात पुढे 200 च्या खालचा टायर चालेनासा झाला.

पण इथे एक गोम आहे आणि ती मला आपल्या आयोजकांना मुद्दाम सांगायची आहे. तो आकडा कंपनीच ठरवते. तेव्हा कंपन्यांनी 200 छापलेले आणि तरीही स्पर्धेच्या टायरच्या जवळ जाणारे टायर बाजारात आणले. पुतण्या म्हणतो, आता वर यायचे तर तेच घ्यावे लागतात. शॉकअपचेही तेच. स्प्रिंग मूळचे ठेवा, शॉकअप हवे ते लावा असा नियम, म्हणून लोक गाडीच्या निम्म्या किमतीचे शॉकअप लावतात. जिथे फट ठेवाल तिथून पैसा आत येतो.

तेव्हा नुसती नक्कल करून भागणार नाही. आपल्या दुकानांतल्या पुष्कळ टायरांवर तो आकडा नसतोच. आणि आपले मैदान मातीचे, चिऱ्याच्या दगडाचे. तिथे वेगळेच गणित आहे. सुट्या मुरमावर टायरची पकड नक्षीच्या कडांवर असते. नवा टायर कडेने माती कापत जातो. चार-पाच फेऱ्यांत दगडाने त्या कडा गोल होतात आणि गाडी घसरायला लागते. म्हणून पैसेवाला दर स्पर्धेला नवा सेट घालतो. मातीचा खास रॅली टायर घेतला तर एका टायरला दहा हजारांच्या आसपास जातात. आल्टोचा साधा 12 इंची टायर तीन हजारांच्या आत येतो.

यावर माझे म्हणणे साधे आहे. स्टँडर्ड क्लासात टायर त्याच मापाचे, जे दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीने लिहिलेले आहे, आणि फोंडा, म्हापसा, मडगाव इथल्या कुठल्याही दुकानात कोणालाही मिळणारे. मोसमाच्या पहिल्या स्पर्धेला चार टायर आणि स्टेपनी यांच्यावर तापलेल्या लोखंडाने खूण करायची. पूर्ण मोसम तेच पाच. दगडाने फाटला तर तपासणीसाला दाखवून एक बदलायचा. म्हणजे टायर जपून चालवणे हीही एक कला होईल आणि ती पैशाने विकत घेता येणार नाही.

बाकी यादी मी लांबवत नाही. ब्रेकचे पॅड बदलता यावेत, ती सुरक्षेची गोष्ट. खाली चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या भांड्याला, पत्र्याचे गार्ड लावता यावे. शॉकअप कंपनीचेच किंवा त्याच्या बदली बाजारात मिळणारे साधे. स्प्रिंग, इंजिन, गियर, सायलेन्सर यांना हात लावायचा नाही. मागची सीट, स्टेपनी, जॅक गाडीतच.

फसवणूक कशी पकडणार, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पकडणे महाग आहे असे समजतात. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टीने माप घेतले की स्प्रिंग कापलेला कळतो. रबर किती मऊ आहे ते मोजायचे हाताएवढे यंत्र माझ्याकडे आहे, दोन हजारांत घेतले. साधा टायर त्यावर साठच्या पुढे दाखवतो. मऊ टायर कितीही झाकला तरी काटा खाली येतो. वजन बघायचे तर खाणपट्ट्यात टिपरांचे काटे अजून आहेत, ती जुनी आल्टो साडेसातशे किलोच्या थोडी आत भरते आणि सीटा, गालिचे काढून शंभर किलो हलकी केलेली गाडी तिथे लपत नाही.

आणि एक उपाय असा आहे की ज्याने तपासणीच निम्मी होते. फिनलंडमध्ये मोटारस्पर्धेचा एक प्रकार आहे, त्याच्या नावाचा अर्थच 'कोणाही माणसाचा क्लास'. तिथे स्पर्धेनंतर प्रत्येक गाडी एका ठरलेल्या किमतीला विकायला काढलेली मानतात. कोणीही ती मागू शकतो आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हटले तर परवाना जातो. मग त्या गाडीत किमतीच्या चौपट सामान घालायला कोण धजेल? शेजारच्या स्वीडनमध्येही असाच खेळ गावोगाव चालतो. आपल्याकडे गाडी रोजच्या वापराची, म्हणून गाडी विकायला सांगणे बरोबर नाही, आणि त्या बाईची फुलांची गाडी कोणी उचलून न्यावी असे मला वाटत नाही. पण शॉकअप आणि टायर यांच्यापुरता हा नियम ठेवता येईल. स्पर्धा झाल्यावर कोणीही स्पर्धक 15 हजार रुपये टेबलावर ठेवून जिंकणाऱ्याचे चार शॉकअप आणि चार टायर मागू शकतो. बदलून द्यायचे काम मी आणि माझी मुले फुकट करू.

मैदानाबद्दलही लिहायला हवे. गेल्या दोन मोसमांत प्रेक्षकांसाठी मातीचे उंचवटे करून गाड्या उडवायची पद्धत आली आहे. फोटो चांगले येतात हे मान्य. पण बांधलेली गाडी ती उडी सोसते, घरची गाडी सोसत नाही. त्या उडीनंतरच्या सोमवारी माझ्या गॅरेजात आलेल्या गाड्या मला आठवतात: एकाचा चेंबर फुटून तेल गेलेले, एकाचा लोअर आर्म वाकलेला, दोघांची इंजिन फाउंडेशन तुटलेली. आणि आपल्या गाडीच्या विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की संघटित शर्यतीत वापर केला तर विमा लागू नाही. सगळा खर्च घरातून. स्टँडर्ड क्लासाची वाट उंचवट्याला बगल देऊन न्या, लांब सरळ पट्टा ठेवू नका, वळणे वाढवा. कोन जास्त लागतील, एवढेच.

प्रवेशशुल्कही दर वर्षी चढते आहे. त्यातला मोठा भाग मैदानातल्या माणसांचा, त्यांच्या जेवणाखाण्याचा, तंबूचा, आवाजाच्या भिंतींचा असतो. पुतण्याच्या क्लबात प्रत्येक स्पर्धकाला एक पाळी धावायचे आणि एक पाळी उन्हात उभे राहून पडलेले कोन उचलायचे काम असते. मोठा डॉक्टर असो की विद्यार्थी. काम केले नाही तर वेळ धरत नाहीत. आपल्या मुलांना हे काम जड नाही, जत्रेत आणि शिगम्यात ती याहून जास्त राबतात. रुग्णवाहिका आणि आग विझवायची सोय मात्र पैसे देऊन आणि नीट असलीच पाहिजे, तिथे एक रुपयाही वाचवू नये.

स्वस्त खेळाची परंपरा आपल्याच देशातली आहे, तीही बाहेरून आणायला नको. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी मारुती 800 चे इंजिन घालून एका सीटची शर्यतीची गाडी बनवली, फॉर्म्युला मारुती, ती अशासाठी की सामान्य मुलाला परवडावी. नारायण कार्तिकेयन आपली पहिली शर्यत त्याच प्रकारच्या गाडीत धावला, आणि 2005 साली तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला, भारतातला पहिला. ज्या इंजिनावर मी हात काळे करून काम शिकलो तेच ते 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन.

शेवटची विनंती भाषेची. नियमावली इंग्रजीत येते, चाळीस-चाळीस पाने. माझ्याकडच्या मुलांना गाडी अक्षरशः कानाने कळते, पण ती पाने वाचताना ती अडखळतात आणि विचारायला लाजतात. स्टँडर्ड क्लासाचे नियम मराठीत आणि कोंकणीत दोन पानांत मावतील. भाषांतराला मी बसतो, कोणी शिक्षक सोबत असतील तर उत्तम; शिरोड्याच्या त्या शिक्षकांना मी विचारले आहे आणि ते हो म्हणाले आहेत. आपल्या दैनिकानेही ओपन क्लासच्या निकालाखाली या क्लासाचे पहिले तीन छापावेत. गावात ते कात्रण दुकानाच्या काचेला लागते, आणि पुढच्या वर्षी त्या गावातून आणखी एक गाडी येते, हे मी पाहिलेले आहे.

आयोजकांपैकी कोणालाही यावर बसून बोलायचे असेल तर दसऱ्यानंतरचे सगळे रविवार सकाळी माझे गॅरेज उघडे आहे. पट्टी, रबर मोजायचे यंत्र आणि खूण करायचे लोखंड तिथेच असेल. ती आल्टोही असेल, फुले पोचवून झाल्यावर, नऊच्या सुमारास. तिच्यावरच मापे घेऊन दाखवतो.

आपला,
एक गॅरेजचालक, फोंडा
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे.)